५२ दिवसांनंतरचा नहेम्या

आजचं वाचन : नहेम्या, अध्याय ५, ६ आणि १३
सोबत वाचा : योहान ६:६०-६९



गेला आठवडाभर आपण नहेम्याबरोबर यरुशलेमेच्या भिंतीवर आहोत. काल सहाव्या अध्यायात ती भिंत पूर्ण झाली. अलूल महिन्याच्या २५ तारखेला, एकूण ५२ दिवसांत. बहुतेक संदेश इथंच संपतात. मी स्वतः दोनदा या पुस्तकावर बोललोय आणि दोन्ही वेळा इथंच थांबलो. भिंत झाली, देवाची स्तुती झाली, गीत झालं, चहा झाला.

पण पुस्तक तेरा अध्यायांचं आहे. सहाव्या अध्यायावर थांबलेल्या माणसाला पुढारीपणातल्या चिकाटीबद्दल अर्धीच गोष्ट कळते. हे मला या मे महिन्यात समजलं, आणि जरा लाजतच समजलं.

आजचं मनन खास त्यांच्यासाठी आहे ज्यांच्यावर कसली ना कसली जबाबदारी आहे. संडे स्कूल असेल, तरुण संघ असेल, महिला मंडळ, गायनवृंद, घरातली प्रार्थना सभा, नाहीतर ऑफिसातली पाच जणांची टीम. आणि ज्यांच्या मनात सध्या "आता पुरे झालं" असं चाललंय. मी त्यांच्यातलाच एक आहे म्हणून लिहितोय.

न पाठवलेला मेसेज

चारएक वर्षांपासून वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात आमची प्रार्थना सभा चालते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेल. महिन्यातले दोन रविवार मी चंद्रपूरहून निघतो, मूल, सावली करत पूल ओलांडतो, आणि एका आजीच्या ओसरीवर आम्ही सतरंजी टाकून बसतो. सभा अंधार पडायच्या आत संपवावी लागते, कारण आपल्या या भागात वाघाची भीती म्हणजे नुसती म्हणायची गोष्ट नाही.

सुरुवातीला २२-२३ माणसं यायची. या मे महिन्यात एका रविवारी चार आली. त्यात एक आजी स्वतः आणि एक त्यांची शाळकरी नात.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. हजेरी एक्सेलमध्ये ठेवतो. त्या दिवशी ओसरीवर बसल्या बसल्या मोबाइलवर आलेख काढला. रेघ खाली खाली जात होती. मग मी आमच्या पाळकसाहेबांना मेसेज लिहायला घेतला. कामाचा व्याप वाढलाय, घरी वेळ देता येत नाही, दुसऱ्या कोणाला ही जबाबदारी द्यावी, अशी विनंती. चांगला नम्र मेसेज होता. तीनदा वाचून सुधारला. पाठवला आणि तो गेला नाही, कारण गावात नेटवर्कच नव्हतं.

आजींनी विचारलं, "काहून गा बाबू, तोंड काहून पडलं?"

मी त्यांना आकडे सांगितले. त्या हसल्या. "तेंदूपत्ता लागला ना गा! सारं गाव पहाटेपासून जंगलात हाये. दुपारी पुडे बांधा, संध्याकाळी मोजून द्या. तुयाकडे कोण येईन? मोहफुलाच्या दिवसात तरी कोण येते? रोवण्यात तरी कोण येते?"

रात्री घरी येऊन मागच्या वर्षांची हजेरी उघडली. आजींचं बरोबर होतं. दरवर्षी मोहफुलात, मे महिन्यात आणि धानाच्या रोवण्यात आकडा पडतो आणि पुन्हा वर येतो. चार वर्षं मी या लोकांचा पुढारी म्हणवून घेत होतो आणि त्यांचं वर्ष कसं चालतं तेच मला नीट माहीत नव्हतं. नहेम्यानं काय केलं होतं? यरुशलेमेत पोचल्यावर तो तीन दिवस काही बोलला नाही. रात्री उठून, थोडीच माणसं बरोबर घेऊन, पडलेली भिंत आणि जळालेल्या वेशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आला, आणि मग लोकांशी बोलला. मी आधी चार वर्षं बोललो आणि नंतर पाहिलं.

पण आजी त्या दिवशी आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. "ते दोन घरं मात्र तेंदूपत्त्यापायी येत नाही असं नाही, बाबू. तुले मालूम हाये."

मला माहीत होतं.

पाचवा अध्याय आपण का वगळतो

आमच्या सभेतल्या एका भावानं दुसऱ्या भावाला घरातल्या आजारपणात पैसे दिले होते. व्याजानं. व्याज वाढत गेलं. घेणारा आधी मागे बसायला लागला, मग यायचा बंद झाला, मग त्याच्या भावाचं घरही यायचं बंद झालं. ज्यानं पैसे दिले तो सभेचा मोठा आधार आहे. पेटी तोच वाजवतो, नाताळचा मंडप त्याच्या खर्चानं होतो. मला हे सगळं आठ महिन्यांपासून ठाऊक होतं. मी काय केलं? "प्रभू, आमच्यात ऐक्य दे" अशी प्रार्थना केली. दर सभेला. मोठ्यानं. आणि दोघांपैकी एकाशीही त्या विषयावर एक शब्द बोललो नाही.

आता पाचवा अध्याय वाचा. भिंत अजून अर्धवट आहे. बाहेर सन्बल्लट आणि तोबीया टपून बसलेत. अशा वेळी आतून ओरड उठते, आणि ती शत्रूविरुद्ध नाही तर स्वतःच्याच यहूदी भाऊबंदांविरुद्ध. कोणी धान्यासाठी शेतं गहाण टाकलीत, कोणी राजाचा कर भरायला कर्ज काढलंय, कोणाच्या मुली गुलामीत गेल्यात. आणि सावकार कोण? आपलेच सरदार आणि अधिकारी, म्हणजे ज्यांच्या मदतीशिवाय भिंत पुरी होणं अवघड.

कोणताही हिशेबी माणूस म्हणाला असता, आधी भिंत होऊ दे, हे नंतर बघू. नहेम्या तसं म्हणत नाही. तो संतापतो, मग मनाशी विचार करतो, आणि मग त्या मोठ्या माणसांना तोंडावर जाब विचारतो. मोठी सभा बोलावतो. शेतं, मळे, घरं परत करा, व्याज सोडा, असं सांगतो, आणि शपथ घ्यायला लावतो.

या सगळ्यात दहावं वचन माझ्या नजरेतून आजवर सुटलं होतं. तिथं नहेम्या कबूल करतो की तो स्वतः, त्याचे भाऊ आणि त्याचे सेवकही लोकांना पैसे आणि धान्य उसनं देत आलेत. म्हणजे "तुम्ही सोडा" असं तो म्हणत नाही. आपण सगळेच हे सोडून देऊ, असं म्हणतो.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. कारण मला एक गोष्ट आठवली. माझ्या गाडीच्या पेट्रोलसाठी सभेतून दर महिन्याला थोडे पैसे मिळतात. मी मागत नाही, पण नाहीही म्हणत नाही. आणि ते पैसे मुख्यतः तोच भाऊ देतो. म्हणजे माझ्या गप्प बसण्याला आठ महिने इंधन कुठून मिळत होतं ते स्पष्ट होतं. नहेम्याच्या याच अध्यायात पुढे लिहिलंय की अधिकारी म्हणून मिळणारा जेवणखर्च त्यानं १२ वर्षं घेतला नाही, कारण लोकांवर आधीच ओझं होतं. ते वचन मी नेहमी त्याचा मोठेपणा म्हणून वाचायचो. आता वाटतं की त्या मोकळ्या हातांमुळेच त्याला मोकळेपणानं बोलता आलं.

तर माझा तो नम्र मेसेज. त्यात कारण होतं कामाचा व्याप. मनात कारण होतं घटलेली हजेरी. आणि खरं कारण होतं की मला एक अवघड बोलणं टाळायचं होतं. पुष्कळदा आपण थकलोय असं म्हणतो तेव्हा आपण थकलेले नसतो, घाबरलेले असतो. दोन्हीवर औषध वेगळं आहे. थकलेल्याला झोप आणि भाकर लागते, एलीयाला देवदूतानं तेच दिलं. घाबरलेल्याला आज्ञापालन लागतं.

ओनोचं आमंत्रण

सहाव्या अध्यायात सन्बल्लट आणि गेशेम निरोप पाठवतात : ओनोच्या मैदानात या, भेटू, बोलू. निरोप सभ्य आहे. नहेम्याचं उत्तर थोडक्यात असं : काम मोठं आहे, ते सोडून मला खाली येता येणार नाही. तो निरोप चार वेळा येतो आणि चारही वेळा उत्तर तेच जातं. पाचव्या वेळी उघडं पत्र येतं, त्यात खोटी बातमी असते की हा राजा व्हायला बघतोय. मग शमाया नावाचा माणूस सांगतो, जिवाला धोका आहे, मंदिरात जाऊन लप.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे चटकन समजेल. एकच मीटिंग कोणी चार वेळा पुन्हा पुन्हा कॅलेंडरवर टाकतो, आणि पाचव्या वेळी सगळ्यांना कॉपी करून मेल पाठवतो. पहिल्यांदा नाही म्हणणं सोपं असतं. चौथ्यांदा तेच उत्तर त्याच शांतपणे देणं अवघड. चिकाटी म्हणजे पुष्कळदा इतकीच साधी गोष्ट : आधी दिलेलं बरोबर उत्तर पुन्हा देणं.

माझी ओनोची आमंत्रणं बाहेरून आली नाहीत. ती माझ्याच डोक्यातून आली. पुण्याच्या टीमचं काम वाढलंय. रविवार घरी घालवू. सभा ऑनलाइन घेऊ (ज्या गावात मेसेज जात नाही तिथं!). यातलं एकही कारण पाप नव्हतं. म्हणूनच ती ओळखायला वेळ लागला.

तेरावा अध्याय : भिंत उभी, माणसं पडलेली

१२ वर्षं अधिकारी राहून नहेम्या राजाकडे परत गेला. काही काळानं रजा मागून पुन्हा यरुशलेमेला आला. आणि काय पाहिलं? ज्या तोबीयानं भिंतीची थट्टा केली होती, त्याला एल्याशीब याजकानं मंदिराच्याच आवारात मोठी खोली दिली होती. लेव्यांना त्यांचा वाटा मिळत नव्हता, म्हणून ते देवाची सेवा सोडून शेतावर निघून गेले होते. शब्बाथ दिवशी बाजार भरत होता. ज्या गोष्टींवर लोकांनी सही-शिक्का करून करार केला होता, त्या एकेक करून मोडल्या होत्या.

भिंतीचा एक दगडही हलला नव्हता.

सॉफ्टवेअरमध्ये नवीन प्रोजेक्ट सगळ्यांना हवा असतो. रिलीजच्या दिवशी केक कापतात, फोटो काढतात. त्यानंतर येतो मेंटेनन्स. तेच तेच बग, रात्री वाजणारा फोन, दुसऱ्यानं केलेली चूक आपण निस्तरायची. तिथं केक नसतो. पण सिस्टिम लोकांच्या उपयोगी पडते ती मेंटेनन्स करणाऱ्यांमुळे. सहावा अध्याय हा नहेम्याचा रिलीज आहे, आणि तेरावा अध्याय मेंटेनन्स. मला वाटतं, पुढाऱ्याची खरी परीक्षा त्या ५२ दिवसांत होत नाही. तेव्हा उत्साह असतो, शत्रू समोर दिसत असतो, रोज भिंत थोडी वर चढलेली दिसते. परीक्षा नंतर होते, जेव्हा एकदा दुरुस्त केलेली गोष्ट पुन्हा बिघडलेली सापडते.

हे समजायला आम्हा चंद्रपूरकरांना लांब जायला नको. आपल्या शहराभोवती गोंड राजांच्या काळातला जवळपास ११ किलोमीटरचा परकोट आहे. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा या त्याच्या चार वेशी. लहानपणापासून आम्ही जटपुरा गेटमधून जातोय, पण वर चढून पाहावं अशी त्याची स्थिती नव्हती. झाडं, झुडपं, कचरा. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी तो हातानं साफ करायला घेतला. रोज सकाळी, शेकडो दिवस. त्याच वर्षी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्या कामाचा उल्लेख केला आणि सगळ्या शहराला अभिमान वाटला. पण दगडाच्या फटीतल्या मुळाला हा उल्लेख ऐकू येत नाही. पावसाळा आला की गवत उगवतं, झुडूप उगवतं, आणि विळा घेऊन पुन्हा चढावं लागतं. जुनी भिंत राखायची तर दुसरा मार्गच नाही.

नहेम्यानंही तेच केलं. तोबीयाचं सामान खोलीबाहेर फेकलं, खोली धुऊन घेतली, लेव्यांना एकेक करून परत बोलावलं, शब्बाथ लागायच्या आत वेशी बंद करायला लावल्या. या अध्यायात तो चिडतोही, लोकांचे केस ओढण्यापर्यंत. ते काही आपण अनुकरण करावं म्हणून लिहिलेलं नाही, असं मी समजतो. तो थकलेला, वैतागलेला माणूस आहे. पण प्रत्येक कामानंतर तो देवाकडे वळून एकच मागणं करतो की देवा, माझी आठवण ठेव. लोकांनी आठवण ठेवावी असं तो मागत नाही. पुस्तक त्याच मागण्यावर संपतं. कुठला सत्कार नाही, समारंभ नाही.

आपल्या मराठी मातीतली भिंत

कोणी म्हणेल, हे सगळं फार जुन्या काळातलं. मग पंडिता रमाबाईंकडे पाहा.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, विधवा आणि निराधार मुलींच्या शिक्षणासाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार होती. ही त्यांची ५२ दिवसांची भिंत म्हणा. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होत आहेत म्हणून पुण्यात वादळ उठलं. सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी अनेक मुलींना काढून नेलं. उभं केलेलं डोळ्यांसमोर रिकामं झालं. तेव्हा रमाबाई ३५ वर्षांच्या होत्या, साधारण माझ्या वयाच्या. आई-वडील, बहीण दुष्काळात गेलेले, मग भाऊ गेला, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. त्यांनी सोडून दिलं असतं तर कोणी दोष दिला नसता.

त्या थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुलींना त्या स्वतः घेऊन आल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि ते आजही चालू आहे.

पण मला सगळ्यात जास्त शिकवतं ते त्यांचं शेवटचं काम. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र असावं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून भाषांतर करायला घेतलं. केडगावच्याच छापखान्यात मुक्तीतल्या बायका खिळे जुळवायच्या. नवा करार १९१३ मध्ये निघाला. जुना करार बाकी होता. कान ऐकू येईनासे झाले होते. ज्या मुलीनं पुढे सगळं सांभाळायचं होतं ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. वारस गेला आणि काम उरलं. तरी प्रूफं तपासणं चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये. त्यांनी ते हातात घेतलं नाही.

यात एक धागा आपल्या गावाचाही आहे. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि त्यांनी नाव घेतलं नेहेम्या. हाच आपला नहेम्या! षड्दर्शनांचा एवढा मोठा अभ्यासक, पण आयुष्यभर शंकांशी झुंजत राहिलेला माणूस. त्यांनी काही काळ आपल्या चांद्यातही सेवा केली. आणि त्यांच्याच लिखाणामुळे आपल्याला विश्वासाकडे येता आलं, असं रमाबाईंनी पुढे सांगितलं. गोरे १८९५ मध्ये वारले. तेव्हा केडगावचं मोठं काम अजून व्हायचं होतं. आपण पेरलेलं कुठं उगवलं हे त्यांना पूर्ण कधीच दिसलं नाही. त्यांची हजेरीवही कोणी आलेखावर मांडली असती तर रेघ कुठं गेली असती कोणास ठाऊक!

बाराच उरले तेव्हा

आता योहानाचा सहावा अध्याय. सुरुवातीला पाच हजार पुरुष भाकरी खाऊन तृप्त होतात. त्याच अध्यायाच्या शेवटी शिष्यांपैकी पुष्कळ जण परत फिरतात, कारण प्रभूचं बोलणं त्यांना कठीण वाटलं. एकाच अध्यायात पाच हजारांवरून बारा. आणि त्या बारांतही एक यहूदा आहे, हे प्रभूला ठाऊक आहे.

येशूनं काय केलं? गर्दी टिकावी म्हणून शिकवण पातळ केली नाही. आणि गर्दी गेली म्हणून उरलेल्यांना सोडलंही नाही. उरलेल्यांकडे वळून त्यानं विचारलं, तुम्हालाही जायचंय का? मी मात्र माणसं टिकावीत म्हणून कठीण गोष्ट बोललो नाही. आणि तरीही माणसं गेली, तेव्हा उरलेल्या चौघांनाही सोडायला निघालो.

आपली चिकाटी शेवटी आपल्या स्वभावातून येत नाही. मी तर चिकाटीचा माणूसच नाही, घरचे सांगतील. ज्या प्रभूनं आपल्याला पकडून देणाऱ्याचेही पाय धुतले, आणि स्वतःच्या लोकांवर शेवटपर्यंत प्रीती केली, तो धरून ठेवतो म्हणून आपण टिकतो. हे आधी नीट मनात बसलं नाही तर "चिकाटी धरा" हा उपदेश म्हणजे थकलेल्या बैलाला आणखी एक चाबूक.

थांबणं नेहमीच चूक असतं का?

नाही. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण "सोडू नका" असं सांगून आपल्या मंडळ्यांमध्ये माणसांना आजारी पडेपर्यंत राबवलं जातं. आणि काही जण पद सोडत नाहीत, त्यालाही चिकाटीच म्हणतात. नहेम्यानं भिंत झाल्यावर शहराची जबाबदारी हनानी आणि हनन्याला दिली. पुढे तो राजाकडे परतही गेला. मोशेनं इथ्रोचं ऐकून कामं वाटून दिली. मोकळं होण्यात चूक नाही.

मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठरवलीय. मी जातोय ते काम कोणाच्या तरी हातात देऊन, की कोणाच्या तरी नजरेला नजर द्यायला नको म्हणून? पहिलं असेल तर प्रार्थना करून खुशाल जावं. दुसरं असेल तर आधी ती नजर, मग बाकीचं.

या रविवारी

पाळकसाहेबांना मी तो मेसेज पुन्हा पाठवला नाही. त्यांना भेटून सगळं सांगितलं, पेट्रोलचंसुद्धा. त्यांनी रागावावं असं वाटत होतं. ते म्हणाले, "आधी त्याला एकट्याला भेटा. सभेत नको. आणि पैसे परत करून बोला, म्हणजे तुम्हालाच बोलायला सोपं जाईल." मत्तयच्या अठराव्या अध्यायातली तीच पायरी.

तर या रविवारी सभेच्या दोन तास आधी मी त्या भावाच्या घरी जाणार आहे. पाकिटात आठ महिन्यांचे पेट्रोलचे पैसे ठेवलेत. काय बोलायचं ते कागदावर लिहिलंय, आणि प्रत्येक वेळी वाचताना पोटात गोळा येतो. तो ऐकेल की नाही, माहीत नाही. कदाचित पेटी बंद होईल. कदाचित चाराचे तीन होतील. नहेम्याच्या सरदारांनी ऐकलं होतं. आमचा भाऊ ऐकेलच असं वचन मला कुठं दिलेलं नाही.

एवढं मात्र कळलंय. आजींची ओसरी मी येण्याआधीपासून देवाची होती. परवा फोनवर त्यांना म्हटलं, मागच्या वेळी तर मी सगळं सोडायला निघालो होतो. त्या म्हणाल्या, "तू नसता आला तं आम्ही दोघी बसलोच असतो ना गा. सतरंजी तं आमचीच हाये."

मननासाठी

१. माझ्या जबाबदारीत मी सध्या थकलोय, की घाबरलोय? दोन्ही असेल तर आधी कशाकडे लक्ष द्यावं लागेल?

२. ज्यांची मी सेवा करतो त्यांचं वर्ष, त्यांची कामं, त्यांची कर्जं मला माहीत आहेत का? त्यासाठी या आठवड्यात कोणाच्या घरी जाऊन फक्त ऐकता येईल?

३. माझ्या सेवेत कोणाचे असे उपकार आहेत का, ज्यांच्यामुळे मी खरं बोलायचं टाळतो?

४. पूर्वी दुरुस्त केलेली कोणती गोष्ट पुन्हा बिघडलीय? ती पाहून माझ्या तोंडून काय निघतं, प्रार्थना की फक्त चीड?

प्रार्थना

प्रभू येशू, आरंभ करायला आम्ही पुढे असतो आणि नंतर मागे वळतो, हे तुला माहीत आहे. आम्ही आकडे मोजत बसलो आणि माणसांना विसरलो, त्याची क्षमा कर. जिथं बोलायला हवं होतं तिथं आम्ही नुसती प्रार्थना केली, त्याचीही क्षमा कर. जे खरोखर थकलेत त्यांना आज झोप दे, भाकर दे, सोबत दे. जे घाबरलेत त्यांना एक पाऊल टाकायचं धैर्य दे. आम्ही पेरलेलं आम्हाला दिसो वा न दिसो, तू आमची आठवण ठेव. तेवढं आम्हाला पुरे आहे. तुझ्याच नावानं मागतो. आमेन.

माझ्यासाठी आणि त्या दोन घरांसाठी रविवारी दुपारी प्रार्थना कराल तर आभारी राहीन. उद्या आपण पुन्हा नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायाकडे जाऊ, त्या नावांच्या लांब यादीकडे. सोनार, अत्तर करणारे, शल्लूमाच्या मुली. प्रत्येकानं बांधलेला भिंतीचा आपापला तुकडा. येताना तुमच्या मंडळीतल्या, ज्यांचं नाव कधी कोणी घेत नाही अशा एकाचं नाव मनात घेऊन या.